घोळक्यात असेल असे समजून

लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढावा. सणाहून परतताना बारा वर्षांचा येशू सोबतच्या घोळक्यात असेल असे समजून योसेफ व मरीया एक दिवसाची वाट चालून गेली. त्यांची माया कमी नव्हती. मूल दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखाली आहे, एवढेच त्यांनी गृहीत धरले.

आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बिए २५ फेब्रुवारी २००० रोजी लंडनमध्ये मरण पावली. शिक्षण देते असे सांगून नात्यातील एका बाईने तिला आयव्हरी कोस्टहून फ्रान्सला व १९९९ साली इंग्लंडला आणले होते. त्या बाईला व तिच्या सोबत्याला २००१ साली खुनाबद्दल जन्मठेप झाली. मुलीच्या देहावर १२८ जखमा व व्रण आढळले. मग तिला कोणी पाहिलेच नव्हते काय? पाहिले होते: चार समाजसेवा विभागांनी, पोलिसांच्या दोन बालसंरक्षण पथकांनी, दोन रुग्णालयांनी. चर्चमध्येही तिला नेले होते. तेथे तिला दुष्टात्म्याची बाधा आहे असे मानले गेले! हे आपण वाचून पुढे जाऊ नये.

लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ साली निघाला. त्यातील खरजेची हकिकत शिकण्यासारखी आहे. पहिल्या रुग्णालयात वरिष्ठ डॉक्टरांनी अंगावरच्या खुणा खरजेच्या ठरवल्या. तेच निदान पुढे कागदोपत्री फिरत राहिले, आणि संसर्गाच्या भीतीने घरभेटही टळली. जबाबदार समाजसेविका मुलीला अवघी चार वेळा भेटली. एकाने दुसऱ्याला मत कळवले, पण डोळ्यांनी काय दिसले ते कळवले नाही. अशाने दहा खाती एकत्र आली तरी मुलाची खरी स्थिती कळत नाही. नवी खूण दिसली की जुने मत पुन्हा तपासावे लागते.

आपल्या देशात २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल कल्याण समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. घरच्या परिस्थितीचा सामाजिक चौकशी अहवाल त्यांच्यापुढे येतो. लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना दिलीच पाहिजे, असे २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. पाळक किंवा संडे स्कूलचे शिक्षक त्यातून सुटत नाहीत. इतर छळाची शंका आल्यास १०९८ हा क्रमांक आहे.

शिक्षकाने स्वतः तपास करत बसू नये, आईबापांना जाब तर मुळीच विचारू नये. वहीत "घरी त्रास दिसतो" असे मोघम लिहू नये. कोणत्या तारखेला, अंगावर कोठे, काय दिसले, आणि मूल काय बोलले ते त्याच्याच शब्दांत लिहावे. ही वही हजेरीच्या वहीपासून वेगळी, कुलुपात ठेवावी.