०.३५ मोठे की ०.८?

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. ०.३५ हे ०.८ पेक्षा मोठे, असे ठामपणे सांगतो. गणिताचे ॲप घेऊन दिले, तरी तेच. संगणकाने ही चूक सुटेल का?
– एक आई, श्रीगोंदा

उत्तर : ताई, काळजी करू नका. ही चूक निष्काळजीपणाची नाही. ३५ हे ८ पेक्षा मोठे, हा पूर्ण संख्यांचा नियम तो दशांशचिन्हापुढेही लावतो आहे. नुसते ‘चूक’ दाखवून पुढचे गणित देणाऱ्या ॲपने हा समज हलत नाही. मूल दुसरा पर्याय दाबून मोकळे होते.

जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर घरच्या वापरासाठी मोफत आहे. त्यात संख्यारेषेवर या दोन संख्यांचे बिंदू मांडा. पण आधी ते कुठे पडतील, हे त्याला वहीत पेन्सिलीने खुणावू द्या. मगच पडदा दाखवा. ०.३५ अर्ध्याच्याही अलीकडे दिसले की तो थबकेल. तिथे लगेच समजावू नका. ‘असं का झालं असेल?’ एवढंच विचारा आणि थांबा. हे थांबणे फार मोलाचे.

संगणक नसेल तर वजनकाट्यावर ०.३५ आणि ०.८ किलो लिंबे तोलून दोन्ही पिशव्या त्याच्या हातात द्या. ‘शेवटी शून्य जोड’ (०.८ चे ०.८० कर) ही युक्ती मात्र इतक्यात सांगू नका. उत्तर बरोबर येते, गैरसमज तसाच राहतो.