दारातल्या झाडांनी शिकवलेलं लॅटिन

मालवणच्या किनाऱ्यावर वनस्पतिशास्त्र शिकवायचं तर लॅटिन टाळता येत नाही. काजू 'आनाकार्दियुम', उंडी 'कालोफिल्लुम', जांभूळ 'सिझिगियुम': सगळी नपुंसकलिंगी, '-उम'ने संपणारी, लॅटिनच्या दुसऱ्या विभक्तिवर्गातली. ही नामं शिकता-शिकवताना पटलेल्या गोष्टी अशा:

१. शाळेतलं संस्कृत आधी आठवा. 'दानम्' आणि लॅटिन 'दोनुम' सख्खी भावंडं. 'युगम्' म्हणजे जू आणि 'युगुम' हीसुद्धा. 'वनम्' चालवताना प्रथमा-द्वितीया सारखी असते. लॅटिनमध्येही तेच.

२. वेगळं तेवढंच पाठ करा. '-उस'ची पुल्लिंगी नामं येत असतील, तर नवं फार थोडं उरतं: एकवचनी प्रथमेला '-उम', अनेकवचनी प्रथमा-द्वितीयेला '-आ'. दोनुम, दोना. बाकी दोनी, दोनो, दोनोरुम, दोनीस ओळखीचंच.

३. नाम विशेषणासकट म्हणा. पांढरा, पांढरी, पांढरं. तसं आल्बुस, आल्बा, आल्बुम. चंदन 'सांतालुम आल्बुम'. खाडीतली चिप्पी मात्र 'सोनेराशिया आल्बा'. ती रात्री फुलते. सकाळी झाडाखाली गळलेले पांढरे पुंकेसर मुलांच्या हातात द्यावेत आणि मग 'आल्बा' म्हणायला लावावं. याच चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला.

४. शेवटचा 'आ' दिसला की स्त्रीलिंग समजू नका. 'फोलियुम' एक पान, 'फोलिया' अनेक पानं. आपण रोज म्हणतो तो 'बॅक्टेरिया'ही अनेकवचनीच. उलट 'व्हायरस' '-उस'ने संपूनही मुळात नपुंसकलिंगी.

५. षष्ठी ओळखा. 'सिझिगियुम कुमिनी'तलं 'कुमिनी' विशेषण नव्हे. 'कुमिनुम' म्हणजे जिरं, त्याची ती षष्ठी. त्यामुळे वंशनावाचं लिंग कोणतंही असो, ती बदलत नाही.

६. नावं बदलतात तेव्हा व्याकरण कामाला येतं. कडू मेंदी आधी 'क्लेरोडेंड्रुम इनेर्मे' होती. वंश बदलला, स्त्रीलिंगी झाला, आणि ती 'व्होल्कामेरिया इनेर्मिस' झाली. २०१२ पासून नव्या वनस्पतीचं वर्णन इंग्रजीत केलेलं चालतं, पण नावाला लॅटिनचेच नियम लागतात.

७. मराठी मुलाला लॅटिन परकं आहे असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. तीन लिंगं त्याला घरात मिळतात, विभक्ती शाळेत, उदाहरणं परसात. एवढं भांडवल इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलाकडेही नसतं.