घरातली पहिली मिरची: माती कोणती, खत किती?

प्रश्न : टोरांटोत फ्लॅटमध्ये एलईडी दिव्याखाली पहिल्यांदाच मिरची लावतेय. मैत्रिणीच्या परसातली माती चालेल का? खत कधीपासून द्यावं?

उत्तर : परसातली माती आणू नका. जमिनीत ती उत्तम असेल, पण कुंडीत पाण्याने दबून घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही आणि किडे घरात येतात ते वेगळंच. साधं पॉटिंग मिक्स घ्या, तीन भागांना एक भाग परलाइट मिसळा. सामू ६ ते ६.८ असावा. कुंडी दहा-बारा लिटरची, तळाला भोकं हवीतच.

खताची घाई ही नवशिक्यांची जुनी खोड. पिशवीवर खत मिसळल्याचं लिहिलं असेल, तर पहिले काही आठवडे काहीच लागत नाही. नंतर द्रवखत, डब्यावरच्या मात्रेच्या निम्मं, पंधरवड्यातून एकदा, तेही ओल्या मातीत. फुलं दिसू लागली की नत्र कमी, पालाश जास्त; नत्राचा मारा केलात तर पानंच पानं, मिरची नाही! पानांची टोकं करपली, मातीवर पांढरा थर आला, तर खत जास्त झालंय. साधं पाणी भरपूर ओतून तळातून वाहू द्या. खालची पानं पिवळी पडली म्हणून लगेच खताकडे धावू नका. बहुतेकदा पाणीच जास्त झालेलं असतं. बोट पेरभर मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी.

आणि हो, घरात ना वारा ना मधमाश्या. फुलं आली की परागीभवनासाठी झाड रोज हलकेच हलवा.