ब्रेकचे सुटे भाग : निवड आणि पारख

मोटारीचे ब्रेक स्वतः बदलू पाहणाऱ्या माणसाची खरी कसोटी दुकानाच्या फळीपाशी लागते. ‘अँबॅसडरचे मागचे लायनर द्या’ एवढ्याच मागणीवर दुकानदार काहीतरी हाती ठेवतो आणि ते कदाचित बसतेही. परंतु बसलेला प्रत्येक भाग योग्य असतोच असे नाही.

अँबॅसडर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत होती. प्रारंभी तिच्या चारही चाकांना ड्रमब्रेक असत. नंतरच्या काही गाड्यांत पुढील चाकांना डिस्कब्रेक आले. बाह्यरूप फारसे बदलले नाही, त्यामुळे केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. साल सांगतानाही सावधगिरी हवी. नोंदणीपुस्तकात निर्मितीचा महिना व साल निराळे आणि नोंदणीची तारीख निराळी असते. डिसेंबरात तयार झालेली गाडी अनेकदा पुढील वर्षी नोंदली जाते. उत्पादकाच्या भागसूचीत मात्र निर्मितीचा काळ किंवा चेसिस क्रमांक पाहिला जातो. म्हणून नोंदणीपुस्तक जवळ असावे, शिवाय काढलेला जुना भागही बरोबर न्यावा (अर्थात मग दुकानात जायला दुसरे वाहन हवे!). जुना भाग हा पुरावा आहे, प्रमाण नव्हे. आधीच्या मिस्त्रीने तोच चुकीचा बसवला असण्याचा संभव असतो.

सर्वांत फसवा भाग म्हणजे व्हील सिलिंडर. समजा, एका सिलिंडरचा आतील व्यास ३/४ इंच आहे आणि दुसऱ्याचा ७/८ इंच. बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात आणि बोल्टांची भोकेही जुळू शकतात. परंतु द्रवाचा दाब तोच असता दट्ट्यावर पडणारा जोर त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. हा हिशेब केल्यास दुसऱ्या सिलिंडरचा जोर सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक भरतो. असा सिलिंडर एकाच बाजूला बसला तर ब्रेक दाबताच गाडी त्या बाजूस ओढली जाते. मागील दोन्ही चाकांना बसला तर ती चाके पुढच्यांच्या आधी जखडतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते. सिलिंडरवर कोरलेला आकडा म्हणूनच वाचावा. तो झिजला असेल तर कॅलिपरने व्यास मोजून घ्यावा.

लायनर व पॅड एका आसाच्या दोन्ही चाकांना एकाच वेळी, एकाच बनावटीचे घालावेत. ड्रम लेथवर तासलेला असेल तर त्यावर ओतीव अक्षरांत दिलेल्या कमाल व्यासाशी ताडून पाहावा. ड्रम फार मोठा झाला असेल तर नव्या लायनरचा केवळ मधला भाग टेकतो.

बाजारात ज्याला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात ते वस्तुतः तेल नव्हे. या नावाने पुष्कळ नुकसान केले आहे. टाकीत इंजिनचे तेल पडले तर रबरी कप फुगतात, दट्टे अडकतात आणि ब्रेक सुटतच नाहीत. मग रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो. उत्पादकाने सांगितलेल्या वर्गाचाच द्रव घ्यावा. डॉट ३ व डॉट ४ हे ग्लायकोलजन्य आहेत, तर डॉट ५ हा सिलिकोनचा असून त्यांच्यात मिसळू नये. ग्लायकोलजन्य द्रव हवेतील ओलावा शोषतो. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १५५° इतकी खाली आहे. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये द्रवाची वाफ झाली की पेडल पोकळ लागते. गेल्या वर्षी फोडलेला अर्धा डबा त्यामुळे कितीही स्वच्छ दिसला तरी वापरू नये.

कोलकात्याचा मल्लिक बाजार किंवा चेन्नईचे पुदुपेट्टै येथे जुन्या गाड्यांचे भाग मुबलक मिळतात. तेथून दरवाजा किंवा बंपर खुशाल आणावा. लायनर, रबरी नळ्या व कप मात्र नवेच घ्यावेत. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ड्रममधील भुकटी फुंकून उडवू नये; ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.