वादळ, वीज आणि शिकणारे यंत्र

रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका आपल्या परिचयाची आहे. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरते, १९२७ सालापासून तेथे वीज निर्माण करते आणि पुढे याच नदीला मिळते. परंतु वीज शेजारी तयार होते म्हणून ती घरात टिकेलच, असे नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. खांब आडवे झाले, तारा तुटल्या आणि रायगडातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. भूगोलाचा विद्यार्थी या नात्याने मला प्रश्न पडला : लांबची तार तुटली तरी गावातला दिवा तेवत ठेवता येईल काय?

‘मायक्रोग्रिड’ हे त्याचे एक उत्तर. सौरपट्ट्या, बॅटऱ्या आणि गावापुरत्या तारा यांचे हे छोटे वीजजाळे मोठ्या जाळ्यावाचूनही चालू शकते. पुणे जिल्ह्यातील दरेवाडीत २०१२ साली असे सौर जाळे उभे राहिले. जपानमधील सेंदाई येथे २०११ च्या भूकंपानंतर अशाच जाळ्याने रुग्णालयाला आधार दिला.

मात्र साठा मर्यादित असतो. समजा, पेण तालुक्यातील एखाद्या गावाच्या बॅटरीत २० युनिट वीज आहे. आरोग्य उपकेंद्र व पाण्याचा पंप यांना रोज ८ युनिट लागतात, घरांना १२. आणि ढगाळ हवेत सौरपट्ट्या रोज ४ युनिटच देतात. सर्वांना वीज दिली तर साठा सव्वा दिवसात संपेल. घरे बंद ठेवली तर तोच साठा ५ दिवस पुरेल.

येथे ‘मशीन लर्निंग’ उपयोगी पडते. मागील वापर व हवामान यांच्या नोंदींवरून संगणक उद्याची गरज आणि उद्याचे ऊन यांचा अंदाज बांधतो. वादळाची सूचना मिळताच तो बॅटरी भरून ठेवतो व नंतर वीज जपून वाटतो.

पण यंत्र शिकते ते घडून गेलेल्या गोष्टींवरून, आणि ‘निसर्ग’सारखी वादळे नोंदींत विरळाच. म्हणून त्याला खांब पडल्याचे, ऊन न पडल्याचे काल्पनिक प्रसंगही शिकवावे लागतात. शिवाय लसींचे शीतकपाट आधी की घरातला पंखा, हा निर्णय गणिताचा नव्हे. माझ्या मते तो ग्रामसभेने पावसाळ्यापूर्वीच घ्यावा. क्रम गावाने ठरवावा; तो पाळण्याचे काम यंत्राने करावे.