ताई सांगते, आधी पीसीव्ही बघ

सोनू, रिपोर्ट हातात आला की तुझं बोट आधी हिमोग्लोबिनवर जातं. आपल्याकडे बायकांना तेवढंच तर विचारतात. पण तुला असलेल्या पॉलिसायथेमिया व्हेरात तांबड्या पेशी जास्त बनतात, म्हणून आधी बघायचं ते पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी किती टक्के जागा अडवली तो आकडा. तो 45 च्या खाली हवा. लॅबच्या छापील मर्यादेत बसतो म्हणून 46 तुला चालणार नाही. इटलीत 365 रुग्णांवर अभ्यास झाला, 2013 साली छापून आला. पीसीव्ही 45 ते 50 ठेवलेल्यांमध्ये रक्ताची मोठी गुठळी किंवा हृदयविकाराने मृत्यू 45 च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा जवळजवळ चौपट होते. पीसीव्ही खाली ठेवायला रक्त काढतात, ती तारीख म्हणूनच चुकवायची नाही, लग्नसराई असली तरी.

रक्त काढून काढून लोह कमी होणार, थकवा येणार. मग कुणीतरी मायेने लोहाच्या गोळ्या हातावर ठेवील. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस गं. लोह मिळालं की हाडातली मज्जा पुन्हा तांबड्या पेशी काढायला लागते.

प्लेटलेट बघून मात्र घाबरू नकोस. प्लेटलेट जास्त म्हणजे गुठळी जास्त, असं सरळ गणित नाही. उलट त्या 10 लाखांच्या पुढे गेल्या तर रक्तस्रावाची भीती असते, कारण रक्त थांबवणारा वॉन विलेब्रँड नावाचा घटकच कमी पडतो. म्हणून गुठळी होऊ नये यासाठीची अ‍ॅस्पिरिन मनाने सुरू करायची नाही, मनाने बंदही करायची नाही. पांढऱ्या पेशी सतत 11 हजारांच्या वर राहत असतील तर ते डॉक्टरांना आपणहून दाखव.

आणि रिपोर्टातला जॅक-2, म्हणजे त्या नावाच्या जनुकातला बदल. 2005 मध्ये सापडलेला हा बदल या आजाराच्या शंभरातल्या साधारण 95 जणांत असतो. तो मज्जेतल्या पेशीत नंतर घडलेला असतो. आईने तुला दिला नाही, तू लेकीला दिला नाहीस. तेवढं रडणं थांबव. तुझं वय साठच्या आत आहे, आधी कधी गुठळी झालेली नाही, या दोन्ही गोष्टी तुझ्या बाजूच्या आहेत.

एक गोष्ट रिपोर्टात येत नाही, ती मीच सांगते. नाथषष्ठी आली, दिंड्या पैठणात उतरल्या, घर पाहुण्यांनी भरलं, की आपल्याकडच्या बायका मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतात. तू नाही आणायच्या. त्यातल्या संप्रेरकाने गुठळीचा धोका वाढू शकतो. पाळी आली तर आली, नाथमहाराज रागावत नाहीत. सासूबाई काही बोलल्या तर मला फोन लाव, मी बोलते त्यांच्याशी. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच, स्त्रीरोगतज्ज्ञांना आजाराचं नाव आधी सांगायचं. निर्जळी उपासही सोड. अंगातलं पाणी आटलं की रक्त आणखी दाटतं, त्यात आपला वैशाख.

एकच पाय सुजला, अचानक धाप लागली, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा पोट दुखून फुगलं, तर सकाळची वाट बघायची नाही. फाईल घ्यायची, दाजींना उठवायचं आणि रात्रीच संभाजीनगरला घाटी रुग्णालयात निघायचं.