वाढत्या शोभिवंत माशांसाठी मोठी टाकी निवडताना

मुलांच्या हौसेखातर बाजारातून दोन-चार रंगीत मासे आणि एक छोटी काचेची टाकी घरी येते. बोटाच्या पेराएवढे मासे पाच-सहा महिन्यांत वीतभर होतात, पाणी दोन दिवसांत गढूळ होते, मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. मग मोठी टाकी घ्यावी असा विचार सुरू होतो. ही टाकी केवळ 'आताच्यापेक्षा मोठी' घेऊन भागत नाही. कालवड आणताना तिची उद्या गाय होणार हे धरूनच आपण गोठ्यात जागा ठेवतो. माशाच्या बाबतीतही तोच हिशेब करावा. आपल्या धाराशिव जिल्ह्यात या हिशेबात आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे मे महिन्यात घरी किती पाणी असेल.

मासा टाकीपुरताच वाढतो का?

'टाकी लहान ठेवली की मासा लहानच राहतो' असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. लहान टाकीत विष्ठा व मूत्रातील घातक घटक साचतात, त्यामुळे माशाची वाढ खुंटते. पाठीचा कणा वाकडा होणे, पर झडणे, वारंवार आजारी पडणे आणि अकाली मरणे हे त्याचे पुढचे परिणाम होत.

लांबी दुप्पट झाली की माशाचे वजन दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होते आणि लांबी तिप्पट झाली की सुमारे सत्तावीसपट होते. वजनाप्रमाणे खाद्य, विष्ठा आणि प्राणवायूची गरज वाढते. म्हणून ५ से.मी.च्या माशाला पुरणारी टाकी तोच मासा १५ से.मी. झाल्यावर अजिबात पुरत नाही.

प्रथम माशाची जात ओळखावी

टाकी विकत घेण्यापूर्वी आपला मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होणार हे जाणून घ्यावे. नेहमी आढळणाऱ्या माशांची माहिती पुढीलप्रमाणे आहे.

१) गप्पी : ३ ते ६ से.मी. दोन फुटी टाकी पुरेशी.
२) गोल अंगाचा, दुहेरी शेपटीचा गोल्डफिश : १५ ते २० से.मी. दोन माशांना ३ × १.५ × १.५ फूट टाकी.
३) लांबट अंगाचा साधा गोल्डफिश : २० ते ३० से.मी. दोन माशांना ४ × २ × २ फूट टाकी; हौद अधिक चांगला.
४) ऑस्कर : ३० ते ३५ से.मी. एका माशाला ४ × २ × २ फूट टाकी.
५) सकर (काच चाटणारा काळा मासा) : ४० ते ५० से.मी. एका माशाला ६ × २ × २ फूट टाकी.
६) कोई : ६० से.मी. किंवा अधिक. काचेच्या टाकीत ठेवू नये. तीन-चार माशांना १० × ६ × ३ फूट हौद हवा.

दुकानात 'शार्क' म्हणून विकले जाणारे पिल्लू बहुधा पंगस असते आणि 'पिरान्हा' म्हणून दिले जाणारे पिल्लू पुष्कळदा रूपचंद असते. हे दोन्ही मासे शेततळ्यात व पिंजऱ्यात खाण्यासाठी वाढविले जातात. पंगस एक मीटरपेक्षाही लांब होऊ शकतो. असे मासे घरच्या टाकीसाठी आणूच नयेत.

आकारमान कसे काढावे?

लांबी, रुंदी व उंची फुटात मोजून गुणाकार करावा आणि त्याला २८ ने गुणावे, म्हणजे टाकीत किती लिटर पाणी मावते ते कळते. २ × १ × १ फूट टाकीत सुमारे ५६ लिटर, ३ × १.५ × १.५ फूट टाकीत सुमारे १९० लिटर, ४ × २ × २ फूट टाकीत सुमारे ४५० लिटर पाणी बसते. १० × ६ × ३ फूट हौदात सुमारे ५,००० लिटर पाणी लागते.

टाकीची लांबी पूर्ण वाढलेल्या माशाच्या निदान चारपट आणि रुंदी निदान दीडपट असावी, म्हणजे माशाला सहज वळता येते. उंच व अरुंद टाकीपेक्षा पसरट टाकी केव्हाही चांगली, कारण हवेतील प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातूनच आत जातो. २० अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३५ अंशाला तो सुमारे ७ मिलिग्रॅमवर येतो. म्हणजे उन्हाळ्यात माशांची गरज वाढते आणि पाण्यातील प्राणवायू मात्र घटतो. त्यातच वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो. अशा वेळी पसरट टाकीतील मासे अधिक वेळ तग धरतात. पंप बंद असताना टाकीतीलच पाणी तांब्याने काढून वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडत राहावे. शक्य असल्यास बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवावा.

मे महिन्याच्या पाण्याचा हिशेब

सर्वसाधारणपणे दर आठवड्याला टाकीतील एक चतुर्थांश पाणी बदलावे लागते. १९० लिटरच्या टाकीला आठवड्याला सुमारे ५० लिटर आणि ४५० लिटरच्या टाकीला सुमारे ११० लिटर पाणी लागेल. दुभत्या जनावराला उन्हाळ्यात रोज जेवढे पाणी पाजावे लागते, साधारण तेवढेच हे आठवड्याचे पाणी आहे. सुकाळात ते जड वाटत नाही. पण १९७२ चा दुष्काळ जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईत माणसे आणि जनावरे आधी, मासे नंतर, हे उघड आहे. म्हणून जेवढे पाणी मे महिन्यात देता येईल तेवढीच टाकी आणि त्या टाकीला पेलतील तेवढेच मासे ठेवावेत.

टाकीतून काढलेले पाणी वाया घालवू नये. त्यात नायट्रेट असते, ते परसबागेतील भाजीपाल्याला उपयोगी पडते. मात्र टाकीत मीठ किंवा औषध टाकले असल्यास ते पाणी झाडांना देऊ नये.

टाकीची जागा व बांधणी

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ४ × २ × २ फूट टाकी भरल्यावर काच व वाळूसह ५०० किलोच्या पुढे जाते. ती माळवदावर किंवा साध्या टेबलावर ठेवू नये. तळमजल्यावर, सपाट जमिनीवर, लोखंडी चौकटीवर फळी व थर्माकोल घालून ठेवावी. दीड फूट उंचीच्या टाकीला ८ ते १० मि.मी. आणि दोन फूट उंचीच्या टाकीला १२ मि.मी. जाडीची काच घ्यावी. थेट ऊन पडेल अशी जागा टाळावी.

सिमेंटचा नवा हौद लगेच वापरू नये. नव्या सिमेंटमुळे पाण्याचा सामू फार वाढतो. हौद भरून तीन-चार दिवस ठेवावा, रिकामा करावा आणि असे चार-पाच वेळा करावे. हे पाणी झाडांना न देता बांधकामाला किंवा अंगण धुण्यास वापरावे. सामू ८.५ च्या आत आल्यावरच मासे सोडावेत.

कीटकनाशकाचे रिकामे टिपाड किंवा डबे कितीही धुतले तरी माशांसाठी वापरू नयेत. फवारणीनंतर हात स्वच्छ धुतल्याशिवाय टाकीत घालू नयेत आणि फवारणी पंप टाकीजवळ ठेवू नये. अत्यल्प कीटकनाशकानेही सर्व मासे एका रात्रीत मरू शकतात.

मासे नव्या टाकीत हलविताना

माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू नव्या टाकीत तयार होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून जुन्या टाकीतील फिल्टरचा स्पंज न धुता नव्या टाकीत चालू ठेवावा आणि थोडी जुनी वाळूही घालावी. पुढे स्पंज धुवावा लागला तर तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा. टीसीएलच्या पाण्याने हे जिवाणू मरतात.

ग्रामपंचायतीच्या किंवा टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. असे पाणी उघड्या भांड्यात २४ ते ४८ तास ठेवून मगच वापरावे. बोअरच्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेही एक दिवस हवेवर ठेवावे.

मासे सकाळच्या थंड वेळी हलवावेत. आदल्या दिवशी खाद्य देऊ नये. मासा असलेली पिशवी २० मिनिटे नव्या पाण्यावर तरंगत ठेवावी, नंतर अर्धा तास थोडे थोडे नवे पाणी पिशवीत घालावे आणि मग मासा सोडावा. पहिले दोन आठवडे निम्मेच खाद्य द्यावे.

न परवडणारा मासा धरणात सोडू नये

मासा फार मोठा झाला की तो विहिरीत, ओढ्यात किंवा धरणात सोडण्याची चूक अनेकांकडून होते. तेरणा, मांजरा किंवा सीना-कोळेगावच्या पाण्यात असा मासा कधीही सोडू नये. उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येणारा सकर मासा हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, काचेच्या टाक्यांसाठी आपल्याकडे आलेला आहे. त्याला बाजारात मागणी नाही, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि काठ पोखरून तो बिळे करतो. एका घराची सुटका झाली तरी नुकसान मात्र मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांचे होते.

असा मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठा हौद असलेल्या ओळखीच्या माणसाकडे द्यावा. अधिक माहितीसाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी, तुळजापूर येथील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा उदगीर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयाशी संपर्क साधावा.

थोडक्यात, आधी माशाची पूर्ण वाढ पाहावी, नंतर आपल्या मे महिन्याच्या पाण्याचा अंदाज घ्यावा आणि मगच टाकी निवडावी. हे दोन्ही जुळत नसेल तर मुलांना गप्पी मासे आणून द्यावेत. ते थोड्या पाण्यात सुखाने राहतात, त्यांची पैदास घरच्या घरी होते आणि वाढलेले गप्पी सांडपाण्याच्या बंदिस्त हौदात सोडल्यास डासांच्या अळ्याही खातात.